दोघांच्या नावावर

धुळे,
८ फेब्रुवारी २०२५

अकबरी,

पाकीट बघून दचकू नकोस. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोन सोडून पत्र का, तर आमच्या दोन खोल्यांच्या घरात कुठेही बसून बोललं तरी शब्द न शब्द सगळ्यांना ऐकू जातो, आणि मला जे सांगायचंय ते घरातल्यांबद्दलच आहे. पाचोऱ्याच्या शाळेत बाकाखालून चिठ्ठ्या द्यायचो, त्यातलंच हे एक समज.

आमचे हे ३१ मार्चला रिटायर होतायत. बत्तीस वर्षं इथल्या एका तेलाच्या कारखान्यात बॉयलरवर काढली. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून अठरा लाख चाळीस हजार हातात येतील. पेन्शन म्हणशील तर महिना तीन हजार एकशे, म्हणजे किराणा आला की दूध बंद. त्या अठरा लाखांवरच आमचं म्हातारपण निघायचंय, हे मला कळतं. बाकी कुणाला कळत नाही असं दिसतंय.

तुला तर ह्यांचा स्वभाव माहीत आहे. चुडामण या नावाचा माणूस आजवर कुणाला नाही म्हणालेला नाही. त्यातून डोक्यावर फेटा आणि समोर चार माणसं असली की संपलंच. गावाकडे माझे मोठे दीर, वनाभाऊ, ह्यांचा सत्कार ठरवतायत. आमच्याकडे नोकरीवाला रिटायर झाला की गाव त्याला फेटा बांधतं, आणि फेटा बांधून घेतलेल्या माणसाने माइकवर देणगी जाहीर करायची असते. मागच्या वर्षी एका मास्तरांनी शाळेची कमान जाहीर केली. ते आता लेकाकडे दोनशे दोनशे रुपये मागतात.

घरातही शांतता नाही. आमचा ललित परवा गच्चीवर टेप घेऊन मापं काढत होता. वर खोली बांधायची म्हणत असणार, लग्नाचं वय झालंय त्याचं. मी विचारलं तर म्हणाला, काही नाही, असंच.

तुझ्या जब्बारभाईंनी तीन वर्षांपूर्वी गाद्यांचं दुकान मुलाच्या, शेहजादच्या हवाली केलं आणि तुम्ही निवांत झालात. तुम्ही पैशाचं कसं लावलंत ते मला नीट लिही. लाजू नकोस, आकड्यांसकट लिही.

तुझी,
दिपमाला


जळगाव,
१९ फेब्रुवारी २०२५

दिपे, सलाम.

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा गल्लीतल्या चार बायका बघत होत्या. त्यांना वाटलं कोर्टाचा कागद आला. तुझं अक्षर अजून तसंच, कोंबडीने अंगण उकरल्यासारखं.

आमचं छान चाललंय. शेहजादचे अब्बा सकाळी फिरून येतात, पेपर वाचतात. मी दुपारी पाय पसरून बसते. आमच्यात व्याज घेत नाहीत, म्हणून आमची वाट वेगळी, ती तुझ्या कामाची नाही. पण तुझ्यासाठी मी चौकशी केली. आमच्या गल्लीतले हितेंद्रभाऊ पोस्टात क्लार्क होते, त्यांना गाठलं.

ते म्हणाले, पोस्टात ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना असते. साठ पूर्ण लागतात, पण रिटायर झालेल्याला पंचावन्नच्या पुढे चालतं, फक्त पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायला हवं. सध्या आठ पूर्णांक दोन टक्के आहे आणि तो दर पाच वर्षं हलत नाही. दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात. नवरा-बायको दोघांच्या नावावर उघडता येतं. दोघांच्या नावावरच उघड, दिपे, हे मी चारदा लिहिलं असं समज.

दुसरं, महिन्याचा खर्च कागदावर मांड. डोक्यात मांडलेला खर्च नेहमी कमी भरतो. औषधं लिही, आहेर लिही, पाहुण्यांचा चहा लिही.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ललितला यातलं काही कळू देऊ नकोस. पोर कितीही गुणी असो, बापाचा पैसा दिसला की त्याच्या डोळ्यांत घर उभं राहतं. फॉर्म आण, तांदळाच्या डब्यात ठेव, पैसे आले की सही घे आणि मोकळी हो. कुठल्याच कागदावर पोराचं नाव घालू नकोस. मी सांगते म्हणून ऐक, का ते विचारू नकोस.

अकबरी


धुळे,
६ मार्च २०२५

अकबरी,

खर्च मांडला. दूध, किराणा, गॅस, लाइट, ह्यांच्या बीपीच्या आणि माझ्या साखरेच्या गोळ्या, दोन मोबाइल, घरपट्टी बाराने भागून, आहेर. तेरा हजार आले. पंधरा लाख पोस्टात टाकले तर वर्षाला एक लाख तेवीस हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार दोनशे पन्नास. त्यात पेन्शन मिळवली की तेरा हजार साडेतीनशे. मी तीनदा बेरीज केली आणि तिन्ही वेळा जमलं, तेव्हा ओट्याशी एकटीच हसले. उरलेले तीन लाख चाळीस हजार बँकेत, दुखण्याखुपण्याला.

हे सगळं मी ह्यांना जेवताना दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून कागद पूर्ण वाचला. मग म्हणाले, तुझं बरोबर आहे, पण वनाभाऊंना शब्द दिलाय. कसला शब्द, तर गावच्या मंदिराच्या सभामंडपाला पाच लाख. मी विचारलं, कधी दिला? म्हणाले, दिला असं नाही, भाऊ बोलला आणि मी गप्प बसलो. म्हणजे दिलाच. सत्काराच्या पत्रिकाही छापून आल्यात. २७ एप्रिल, रविवार. खाली ठळक अक्षरात ‘सभामंडपासाठी पाच लाख रुपयांच्या देणगीची घोषणा’ असं छापलंय. माझ्या म्हातारपणाची पत्रिका छापली आणि मला दाखवलीही नाही. पत्रिका हातात घेऊन मी दोन तास बसून होते. मला रडू आलं, हे तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

आता तुझ्याबद्दल. शेजारच्या प्रियलचं लग्न ठरलंय, तिच्यासाठी जळगावच्या एका व्यापाऱ्याकडून सहा रजया आल्या. मला बघायला बोलावलं. मी कोपरा उलटून पाहिला. अकबरी, कोपऱ्यात आतून चांदणीसारखा टाका मारायची रीत तुझ्या अम्मीची, पाचोऱ्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. तू सोडून आता कुणाला येत असेल असं मला वाटत नाही. सहाच्या सहा रजयांना तो टाका आहे.

तू दुपारी पाय पसरून बसतेस ना? मग परक्याच्या रजया कोण शिवतंय?

दिपमाला


जळगाव,
१५ मार्च २०२५

दिपे,

तुझे डोळे फुटोत, असं लिहिणार होते. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि लिहवेना.

मीच शिवते. एका रजईचे एकशे ऐंशी रुपये. दोन दिवसांत एक होते, थंडीत बोटं वळत नाहीत तेव्हा तीन दिवस लागतात. आम्ही दुकान शेहजादला नुसतं चालवायला दिलं नाही, बक्षीसपत्र करून त्याच्या नावावर करून दिलं. एकच मुलगा, पुढे त्याचंच आहे, मग आत्ताच का नको, असं शेहजादच्या अब्बांना वाटलं. मीही खुशीने सही केली, वर पेढे वाटले. हातात थोडे पैसे ठेवले होते ते त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला आणि घराच्या पत्र्यांना गेले. शेहजाद बायकापोरांसह नव्या वस्तीत राहतो. दर शुक्रवारी येतो, केळी आणतो, पाया पडल्यासारखा वाकून भेटतो, जातो. त्याला एक पैसा मागितलेला नाही. बापाने दिलेली चीज परत कशी मागायची? शेहजादचे अब्बा तर म्हणतात, उपाशी मरेन पण पोरापुढे हात पसरणार नाही. मी व्यापाऱ्याकडचं काम शेजारणीच्या घरी बसून करते, म्हणजे शेहजाद आला तर दिसू नये.

म्हणून तुला सांगितलं ललितपासून लपव. मी पोळलेय.

आता माझं दुःख ठेव बाजूला. सत्काराच्या आधी चुडामणभाऊंची सही घे. एकदा फेटा चढला की तू काही करू शकणार नाहीस.

अकबरी


धुळे,
११ एप्रिल २०२५

अकबरी,

४ तारखेला पैसे खात्यात आले. मी त्याच दिवशी डब्यातून फॉर्म काढून ह्यांच्यापुढे ठेवला. हे म्हणाले, सत्कार होऊ दे, मग काय उरेल ते टाकू. मी भांडले, मी जेवले नाही, काही उपयोग झाला नाही. खातं ह्यांच्या एकट्याच्या नावावर, चेकवर सही ह्यांची. मी नुसती बेरजा करणारी.

मग परवा ललित तांदूळ काढायला गेला आणि त्याच्या हाताला त्या योजनेचा दुसरा कोरा फॉर्म लागला, सोबत माझा खर्चाचा कागद. कागदाच्या मागे मी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, ‘ललितला सांगायचं नाही’. तुझा सल्ला विसरू नये म्हणून.

तो कागद घेऊन माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, “आई, तुला माझी भीती वाटत होती?”

अकबरी, इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. मी गच्चीवरच्या मापांचं विचारलं. आमच्या निजायच्या खोलीत पावसाळ्यात भिंत ओली होते, त्यावर पत्र्याची शेड टाकायची म्हणून तो मापं काढत होता, स्वतःच्या पगारातून. आम्हाला आधी सांगितलं तर मी खर्चाला नको म्हणेन म्हणून बोलला नव्हता. वर खोली बांधायचं त्याच्या मनातही नव्हतं. उलट पाच लाखांचं ऐकून तो बापावर इतका चिडला की दोघं दोन दिवस एकत्र बसून चहा पीत नाहीत.

तुझा सल्ला चुकला, आणि मी तो मानला ही माझी चूक. पण आता मी तुला एक सांगते आणि तू ते ऐकून घे. तू शेहजादपासून लपून शेजारणीकडे रजया शिवतेस. त्याला काय स्वप्न पडणार आहे? तो येतो तेव्हा त्याला आई पाय पसरून बसलेली दिसते, बाप पेपर वाचताना दिसतो. तुम्ही त्याला कधी विचारलंच नाही, आणि न विचारताच त्याला नालायक ठरवून बसलात. तो नाही म्हणाला तर नाही म्हणू दे, निदान त्याच्या तोंडून ऐक.

राग आला तर येऊ दे.

दिपमाला


धुळे,
२९ एप्रिल २०२५

अकबरी,

तुझं पत्र आलं नाही, म्हणजे राग आला. तरी मी लिहिते, कारण हे तुला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

सत्कार झाला. देवळासमोर मंडप, तीनशे माणूस, वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. ह्यांना केशरी फेटा बांधला. ह्यांचा चेहरा असा झाला होता की कुणी घरदार मागितलं असतं तरी दिलं असतं. मला शेजारी बसवून साडी-नारळ दिलं. बाईला साडी-नारळ घेऊन खाली उतरायचं असतं, बोलायचं नसतं.

वनाभाऊंनी माइकवर पाच लाखांचं सांगितलं. टाळ्या झाल्या. माइक ह्यांच्यापुढे आला. हे उठले, माइक घेतला आणि तसेच उभे राहिले. बत्तीस वर्षं संसार केलाय, ह्यांच्या गप्प राहण्यातलं मला कळतं. हे हो म्हणणार होते, पण माइक नुसता या हातातून त्या हातात घेत होते. मी उठले आणि ह्यांच्या हातातून माइक घेतला. समोरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. वनाभाऊ अर्धे उठून उभे राहिले.

आकडे मला पाठ होते. मी म्हणाले, मंडळी, ह्यांनी बत्तीस वर्षं बॉयलरपाशी काढली, त्याचे आम्हाला अठरा लाख मिळाले आणि पेन्शन तीन हजार एकशे. पाच लाख सभामंडपाला दिले तर आमचे दर महिन्याला तीन हजार चारशे सोळा रुपये कमी होतील. तेवढ्यात आमचं दूध आणि दोघांच्या गोळ्या येतात. तुमच्यापैकी जो कुणी आम्हाला मरेपर्यंत दर महिन्याला तेवढे देईल त्याने हात वर करावा. आम्ही आत्ता चेक देतो.

एक हात वर झाला नाही. मागच्या रांगेतले ते कमानीवाले मास्तर मात्र उठून उभे राहिले आणि एकटेच टाळ्या वाजवायला लागले. मग त्यांची बायको उठली. मग बायकांची सगळी बाजू.

मला वाटलं हे आता मला कधीच माफ करणार नाहीत. ह्यांनी माझ्या हातातून माइक परत घेतला, फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि वनाभाऊंकडे बघून आपल्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, पाच लाख मी देवाव नही. ते पैसा मना म्हातारपनना शेतस.” मग म्हणाले, अकरा हजार देतो आणि मंडपाचं काम उभं राहीपर्यंत रोज येऊन राबतो.

अकबरी, अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा हा माणूस नाही म्हणाला, तेही लाउडस्पीकरवर. मला इतका अभिमान वाटला की मी सगळ्यांसमोर रडले.

वनाभाऊ भरीत न खाता उठून गेले. काल सोमवारी आम्ही पोस्टात गेलो. ललितने अर्धा दिवस रजा घेऊन फॉर्म भरले, ह्यांनी सही केली, मी सही केली. पंधरा लाख, दोघांच्या नावावर. वारस म्हणून ललितचं नाव मी माझ्या हाताने घातलं.

तू लिही. नाहीतर मी येऊन बसेन तुझ्या दारात.

दिपमाला


जळगाव,
१६ मे २०२५

दिपे,

राग आला होता. पंधरा दिवस तुझं पत्र गादीखाली ठेवलं आणि त्यावर झोपले. मग सत्काराचं पत्र आलं. ते मी शेहजादच्या अब्बांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते ऐकून उठून बाहेर गेले, तासाने आले आणि म्हणाले, तीनशे लोकांसमोर ती बोलली, तू एका पोरासमोर बोल.

शुक्रवारी शेहजाद आला तेव्हा मी लपले नाही. शेजारणीकडची अर्धी रजई घरी आणून अंगणात पसरली आणि शिवत बसले. त्याने विचारलं, अम्मी, हे कुणाचं? मी व्यापाऱ्याचं नाव सांगितलं, मजुरी सांगितली, तीन वर्षांचं सगळं सांगितलं. तो केळ्यांची पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. मग खाली बसला आणि लहान होता तेव्हा रडायचा तसा रडला. त्याला वाटत होतं अब्बांकडे गाठीला भरपूर आहे. दुकान देताना अब्बा छाती काढून म्हणाले होते, आमची काळजी करू नको, आमचं आम्ही बघून ठेवलंय. पोराने बापाचं खरं मानलं, यात त्याचा काय गुन्हा?

पण मी तुझी मैत्रीण आहे, नुसत्या रडण्यावर सोडला नाही. म्हटलं, लिहून दे. शेहजादचे अब्बा लाजून आत गेले. मी स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, दुकानातून महिन्याला आठ हजार आमचे, पाच तारखेच्या आत, आम्ही दोघं आहोत तोवर, आणि एक गेला तर दुसऱ्याला तेवढेच. त्याची बायको मिसबाह साक्षीला सही करताना म्हणाली, अम्मी, बारा करा. आम्ही आठावरच थांबलो, त्यांचीही पोरं आहेत.

आणखी एक. मिसबाहने माझी रजई दुकानाच्या दर्शनी भागात टांगली. पहिल्याच दिवशी एका बाईने साडेआठशेला नेली. आता मी महिन्याला चारच शिवणार, मनात आलं तर, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या किमतीला. व्यापाऱ्याचा माणूस कापूस घेऊन आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला.

ललितबद्दल मी जे लिहिलं त्याची माफी माग त्याच्याकडे, माझ्या नावाने.

अकबरी


धुळे,
३ जुलै २०२५

अकबरी,

परवा पहिलं व्याज जमा झालं. दोन महिन्यांचंच, तरी एकवीस हजारांच्या वर. हे इस्त्रीचा शर्ट घालून पोस्टात गेले, पासबुक भरून आणलं आणि ललितला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला दाखवलं. मंडपाचं काम संपत आलंय, हे सकाळच्या बसने जातात आणि सिमेंटने माखून येतात. तब्येत सुधारलीय उलट.

काल वनाभाऊ आले. सत्कारानंतर पहिल्यांदा. मी पाणी दिलं, चहा टाकला. चहा झाल्यावर हे बाहेर गेले तशी त्यांनी पिशवीतून एक बँकेचा कागद काढला. गेल्या वर्षी जमीन रस्त्यात गेली त्याचे नऊ लाख खात्यात नुसते पडलेत, आणि दोन्ही मुलं रोज विचारतात. मान खाली घालून म्हणाले, “दिपमाला, ते पोस्टनं काय शे ते माले बी समजाडी सांग.” भाऊंनी साठ ओलांडलेत, त्यांना तीन महिन्यांचीही अट नाही. मी कागद-पेन्सिल घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, आमच्या जाऊबाईंचं नाव घालणार ना? त्यांनी बँकेचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, घाल.

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, खर्च जाऊन या वेळी सातशे चाळीस उरतायत, तुमच्या मनात काय आहे ते सांगा. बत्तीस वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं, विचारायला काही उरायचंच नाही. ह्यांनी लगेच सांगितलं, जळगावला जाऊ, जब्बारभाईंकडे दोन दिवस राहू.

तेव्हा आम्ही रविवारी येतोय. ललित म्हणाला, मित्राची गाडी आणतो, दारापर्यंत सोडतो. हे म्हणाले, “नको रे. एसटीने जातो. आमच्या पैशाने.”

तुझी,
दिपमाला